राखणदाराचा पगार

स्वित्झर्लंडच्या डोंगरांत ट्योर्बेल नावाचं एक खेडं आहे. तिथल्या लोकांनी १५१७ साली वरच्या सामाईक कुरणाबद्दल एक नियम लिहून ठेवला. हिवाळाभर घरच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात कुरणावर पाठवायच्या. जास्त पाठवल्या तर दंड. आणि हा दंड वसूल करणाऱ्या गावकारभाऱ्याने त्यातला अर्धा स्वतःकडे ठेवून घ्यायचा.

सामाईक गोष्टी कशा टिकतात यावर जे काही वाचनात आलं, त्यात मला हा नियम सगळ्यांत जास्त आवडतो. कुरणात गवत किती आहे आणि ते किती गायींना पुरेल, यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडू शकतात. त्याला तज्ज्ञ लागतो आणि तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. पण शेजाऱ्याने हिवाळ्यासाठी किती गवत रचून ठेवलंय, हे येताजाता दिसतं. ज्याचं मोजमाप अवघड ते सोडून द्यायचं आणि जे उघड्यावर आहे त्याला नियम बांधायचा, ही त्यातली खुबी. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेरून गायी आणायच्या, फुकटच्या गवतावर पोसायच्या आणि थंडी पडताच विकायच्या, हा धंदाही त्या एका वाक्याने बंद झाला.

आणि तो अर्धा दंड! आज असं काही सुचवलं तर लोक म्हणतील, हे तर भ्रष्टाचाराला आमंत्रण आहे. असेलही. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांना एक गोष्ट पक्की कळलेली होती: लक्ष ठेवणं हे काम आहे आणि कामाचा मोबदला लागतो. शेजाऱ्याशी वाईटपणा घेणं हे तर फारच महागडं काम. ते कुणी नुसतं गावाच्या प्रेमापोटी वर्षानुवर्षं करील, या भरवशावर त्यांनी कुरण सोडलं नाही.

या विषयावर बोलणं निघालं की गॅरेट हार्डिन यांचं नाव येतंच. १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. सर्वांसाठी खुलं कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो, आणखी एक जनावर सोडलं तर फायदा माझा एकट्याचा, नुकसान मात्र सगळ्यांत वाटलं जाणार. सगळे असाच विचार करतात आणि कुरण उजाड होतं. हार्डिन जीवशास्त्रज्ञ होते आणि लेखाचा खरा रोख लोकसंख्यावाढीवर होता, कुरण हा दाखला होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो दाखलाच. त्यातून निष्कर्ष काढला गेला की सामाईक वस्तू एकतर सरकारच्या ताब्यात द्या, नाहीतर तुकडे पाडून खाजगी मालकीची करा. याच लेखात हार्डिन यांनी परस्परांच्या संमतीने परस्परांवर घातलेल्या सक्तीबद्दलही लिहिलंय, ते सोयीस्करपणे विसरलं गेलं.

मला त्या दाखल्यात खटकतं ते असं, की त्यातले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. प्रत्येक जण मनातल्या मनात हिशेब करतो. एकाच माळावर रोज भेटणारी, एकमेकांची सोयरीकही लागू शकेल अशी माणसं, आणि कुणी कुणाला विचारत नाही की बाबा रे, तुझ्या गायी जरा जास्तच झाल्यात का? असे मुके गुराखी फक्त सिद्धान्तात सापडतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी बोलणारे गुराखी शोधले. त्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक, आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला. जिथे कुरण, मासेमारी, जंगल, पाटाचं पाणी शेकडो वर्षं लोकांनीच सांभाळलं अशी ठिकाणं त्यांनी अभ्यासली, आणि जिथे ते जमलं नाही अशीही. ट्योर्बेलचा नियम त्यांच्यामुळेच जगाला माहीत झाला. नियम कसे असले म्हणजे टिकतात याबद्दल त्यांनी आठ सूत्रं काढली. ती सगळी इथे सांगत बसत नाही; कुठेही वाचायला मिळतात. मला त्यातलं एकच पुन्हा पुन्हा आठवतं: राखण करणारा एकतर त्या वापरणाऱ्यांपैकीच असतो किंवा त्यांना जबाबदार असतो.

आपल्याकडे याचं सगळ्यांत सुरेख उदाहरण म्हणजे खानदेश आणि बागलाणातली फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ती तीन-चारशे वर्षं चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड. एका फडात जमीन कुणाकुणाचीही असो, पीक एकच घ्यायचं. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी पीक, कुठला फड पडीक ठेवायचा, हे पंच ठरवत आणि दरवर्षी ते फिरत जाई. पाऊस कमी झाला की भिजणारे फड कमी. त्यामुळे टंचाई आली तर ती पाटाच्या शेवटच्या टोकाला असणाऱ्या एखाद्या दुबळ्या शेतकऱ्याच्या माथी न बसता अख्ख्या फडांच्या हिशेबाने वाटली जाई.

पण मला जास्त कौतुक तिथल्या माणसांच्या कामांचं आहे. पाटकरी पाट सांभाळायचा. बारेकरी शेतात पाणी द्यायचा. जागल्या रात्रंदिवस उभ्या पिकाची राखण करायचा. यांचा मोबदला शेतकरी मिळून पिकातून देत. शेतात पाणी सोडण्याचं काम बारेकऱ्याकडे, म्हणजे ज्याच्या शेताला पाणी हवंय त्याच्या हातात पाणी सोडणं नाही. बारेकऱ्याला एका वाफ्यात चार घागरी जास्त ओतून काय मिळणार? काहीच नाही. पीक एकच असल्यामुळे ‘माझ्या पिकाला जास्त लागतं’ ही सबबही उरत नाही. चांगुलपणाची परीक्षा घेण्याची वेळच शक्यतो येऊ द्यायची नाही, असा हा बेत. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, फडातच विहिरी निघाल्या, ज्याला त्याला आपल्या मनाचं पीक हवंसं झालं, आणि बऱ्याच ठिकाणी ही घडी विस्कटली.

तुर्कस्तानातल्या अलान्याच्या मच्छीमारांनी तर राखणदाराचं काम जवळजवळ संपवूनच टाकलं. जाळी टाकायच्या चांगल्या जागांवरून तिथे हाणामाऱ्या होत. मग त्यांनी जागांची यादी केली. दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून पहिली जागा ठरते आणि मग जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एकेक जागा पूर्वेकडे सरकतो. जानेवारीनंतर पश्चिमेकडे. म्हणजे सगळ्यांत चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते, आणि त्या दिवशी तो पहाटेच तिथे हजर असतो. दुसरा कुणी घुसलाच तर आरडाओरडा करायला धनी जागेवरच आहे, आणि बाकीचेही त्याच्याच बाजूने उभे राहतात, कारण उद्या त्यांची पाळी आहे.

असे दाखले वाचताना एक मोह होतो, जुनं सगळं सोनं म्हणायचा. तो आवरलेला बरा. पण नेपाळमधली एक गोष्ट मात्र मला या सगळ्याच्या मुळाशी नेते.

नेपाळच्या डोंगरांत शेतकऱ्यांनी बांधलेले शेकडो पाट आहेत. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शंभरावर योजनांची माहिती गोळा केली. शेतकऱ्यांचे बंधारे म्हणजे दगड, माती, झाडाच्या फांद्या. पावसाळ्यात वाहून जायचे, दरवर्षी नव्याने घालायचे. याउलट सरकारने किंवा परदेशी मदतीतून बांधलेले बंधारे सिमेंटचे, पक्के. कुणालाही वाटेल की पक्क्या बंधाऱ्याखाली पाणी जास्त लोकांना पुरत असेल. आढळलं उलटंच. पक्क्या बंधाऱ्यांच्या योजनांत पाटाच्या शेपटाकडच्या शेतांना पाणी पोचण्याचं प्रमाण बरेचदा कमी होतं.

कारण समजलं की चकित व्हायला होतं. कच्चा बंधारा दरवर्षी वाहून जाई तेव्हा तो पुन्हा घालायला भरपूर हात लागत. पाटाच्या तोंडाशी ज्यांची शेती, त्यांना एकट्याने ते जमण्यासारखं नसे. शेपटाकडच्या लोकांची मजुरी हवी तर त्यांना पाणी द्यायलाच हवं. हा न लिहिलेला करार होता. सिमेंट आलं आणि दुरुस्ती संपली. दुरुस्ती संपली तशी वरच्यांना खालच्यांची गरजही संपली. माणसं तीच, गाव तेच, नातीही तीच, आणि शेपटाकडची शेतं तहानलेली.

याचा अर्थ इंजिनियर चुकले असा मी काढत नाही. दरवर्षी गुडघाभर थंड पाण्यात उभं राहून दगड रचण्यात रम्य काही नाही, आणि त्या कष्टातून सुटका मागणं हा कुणाचाही हक्क आहे. पण तो कच्चा बंधारा पाणी अडवण्याखेरीज आणखी एक काम करत होता आणि ते काम नकाशात कुठेच नव्हतं. सुधारणा करताना ते हिशेबात धरायचं राहून गेलं.

आता हेच बोअरवेलला लावून पाहा. उघड्या विहिरीत वाकून पाहिलं की पाणी किती खाली गेलंय ते दिसतं, शेजाऱ्यालाही दिसतं. बोअर म्हणजे वीतभर रुंदीचं भोक. आत काय चाललंय ते त्याच्या मालकालाही कळत नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगाफटींत. दोन शेजाऱ्यांचे बोअर पुष्कळदा एकाच भेगेतून पीत असतात आणि दोघांनाही वाटत असतं की पाणी आपापलं आहे. कायदाही तसंच म्हणत आला. १८८२ सालच्या इझमेंट कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क मानला. त्यावर कित्येक कृषिपंपांना मीटर नाही, वीजबिल अश्वशक्तीवर. म्हणजे उपसा किती झाला, हे ना शेतकरी सांगू शकत, ना वीज देणारी कंपनी. जगात दरवर्षी जेवढं भूजल उपसलं जातं त्याचा साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात उपसला जातो. यातला बराचसा उपसा असा, कुणाला न विचारता आणि कुणाला न दिसता. पाटाने माणसांना एका दोरीत बांधलं होतं. बोअरने ती दोरी सोडून दिली आणि तिला स्वातंत्र्य म्हटलं गेलं.

भूजलाला राखणदार मिळणं अशक्य आहे का? ऑस्ट्रॉम यांची पीएचडीच या प्रश्नावर होती, १९६५ सालची. लॉस एंजेलिसजवळच्या खोऱ्यात शहरं, कारखाने, पाणी कंपन्या सगळे जमिनीतून पाणी ओढत होते, पातळी खाली चालली होती आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं. अशा खोऱ्यांत लोक आधी कोर्टात गेले, मग कोर्टाच्या साक्षीने वाटाघाटी करून प्रत्येकाने आपला उपसा कमी करायचं मान्य केलं. त्यावर देखरेखीला एक ‘वॉटरमास्टर’ नेमला गेला. वर्षभरात कुणी किती पाणी उपसलं याचा अहवाल तो सगळ्यांना देतो. बाकी काही नाही, प्रत्येकाच्या नावापुढे आकडा. पण जमिनीखालची गोष्ट कागदावर आली की शेजाऱ्याला ती ट्योर्बेलच्या गवतासारखी उघड दिसायला लागते.

हिवरे बाजारचं नाव घेतलं की लोक दोन गोष्टी बोलतात: पोपटराव पवार आणि गावाची एकी. दोन्ही खऱ्याच आहेत. १९८९ पासून पवारांनी ज्या चिकाटीने काम केलं ते जगाला माहीत आहे, २०२० साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण माणसाच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगून आपण एक पळवाट काढतो असं मला वाटतं. आमच्याकडे तसा नेता नाही, म्हटलं की विषय संपला. त्यापेक्षा तिथलं कंटाळवाणं काम पाहावं. जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कुठलं पीक किती घ्यायचं ते ग्रामसभेत बोलायचं. शेतीसाठी बोअर नाही. ऊस-केळी नाही. या यादीत वीरश्री कुठेच नाही. आहे ती मोजणी, नोंद आणि न चुकता भरणारी बैठक.

त्याआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यांचा नियम मला आजही धाडसी वाटतो. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, डोक्यावर. घरातल्या माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकर. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस घ्यायचा नाही. भूमिहीनाला वाटा देणं हा न्याय तर आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा: गावातल्या प्रत्येक घराचा वाटा पाण्यात असेल तर पाण्यावर लक्ष ठेवणारे डोळे किती वाढतात!

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. ‘गावाने ठरवलं’ असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा गावातल्या कुणी ठरवलं, हे विचारायचं राहून जातं. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी भारत आणि नेपाळमधल्या गावकऱ्यांच्या वन-समित्यांचा बारकाईने अभ्यास केला. जंगल वाचलं, पण जळण आणायला बंदी आली, आणि बंदी घालणाऱ्या बैठकीत जळण आणणाऱ्या बायका नव्हत्याच, असं चित्र त्यांना कितीतरी ठिकाणी दिसलं. मग बायका दूरवर चालत जाऊ लागल्या, नाहीतर चोरून आणू लागल्या. नियम मोडणारी गुन्हेगार आणि करणारा समाजसेवक. त्याच अभ्यासात हेही दिसलं की जिथे कार्यकारी समितीत बायकांची संख्या जास्त होती तिथे जंगलाची अवस्था अधिक सुधारली. रोज जंगलात कोण जातं, कुठून कुऱ्हाडीचा आवाज येतोय हे कुणाला आधी कळतं, याचा विचार केला तर यात आश्चर्य नाही. शेळ्या राखणाऱ्याला चराईबंदीच्या बैठकीत बसवणं हेही तसंच. तो बैठकीत नसेल तर त्याच्या मागे माणूस ठेवावा लागेल. बसवलं, त्याच्या शेळ्यांची सोय लावली, तर तोच उत्तम राखणदार.

आणि राखण करायची तर ती वस्तू आपली आहे हे आधी कुणीतरी मान्य केलेलं हवं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गोंड गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत उभं राहिलं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एक जण जरी अडून बसला तरी बोलणं चालू राहतं. गावात अभ्यासगट आहे, कायदे वाचले जातात, बाहेरच्या जाणकारांशी चर्चा होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे अठराशे हेक्टरांवर. तरीही बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागायचा. म्हणजे जंगल तुमचं, पण त्यातली काठी आमची! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेकडे पैसा आला. जंगलावर नजर ठेवण्याचं काम ते गाव आधीपासून करतच होतं; आता त्या कामाला स्वतःच्या उत्पन्नाचा आधार मिळाला.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी भर दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायमंडळ बसतं. न्यायाधीश म्हणजे पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरीच. वकील नाहीत, सगळं तोंडी. कुणी पाळी नसताना पाणी घेतलं, कुणी पाट तुंबवला, असल्या तक्रारी. निकाल तिथल्या तिथे. बरेचदा आठवड्यात एकही तक्रार नसते, तरी मंडळ बसतं आणि उठतं. पर्यटक फोटो काढतात. २००९ साली युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून तर जास्तच. पण फोटोत न येणारी गोष्ट अशी की पाटापाटावर पगारी राखणदार हिंडत असतात आणि बहुतेक भांडणं गुरुवार उजाडण्याआधीच तिथे बांधावर मिटतात.

आपल्याकडच्या योजनांचे अंदाजपत्रक काढून पाहिलं तर खोदाईला पैसे असतात, सिमेंटला असतात, फलकाला तर असतातच. मोजणाऱ्या माणसाला क्वचित. केंद्राची अटल भूजल योजना या बाबतीत वेगळी म्हणावी लागेल. २०१९ च्या अखेरीस जाहीर झाली, सात राज्यं, त्यात महाराष्ट्र, सहा हजार कोटी रुपये, निम्मे जागतिक बँकेचे. तिचा भर बांधकामापेक्षा भूजलाची माहिती लोकांसमोर मांडण्यावर आणि गावाने स्वतःचा पाण्याचा ताळेबंद करण्यावर होता, म्हणजे दिशा बरोबर. पण योजना म्हटली की तिला शेवटची तारीख असते. पर्जन्यमापक जागेवर राहतो, विहिरीवरची खूण राहते. दर आठवड्याला जाऊन आकडा वाचून वहीत लिहिणारा जो कुणी असेल, त्याचे पैसे त्यानंतर कुठून यायचे? जागल्याचे पैसे त्याने राखलेल्या पिकातून येत होते. कुठल्याही गावाने पाण्याची समिती नेमताना अध्यक्ष कोण हे ठरवण्याआधी या एका जागेचा पगार कुणाच्या खळ्यातून निघणार ते लिहून घ्यावं. अध्यक्ष मिळतातच.